जूनचा नकाशा, डिसेंबरचा चिखल

डिसेंबरात ठाण्याच्या खाडीवर ओहोटी लागली, की छोटे टिलवे कामाला लागतात. वजन जेमतेम 25 ग्रॅम. पाणी मागे सरकेल तसे त्याच्या कडेकडेने धावत ओल्या चिखलावरचं बारीकसारीक टिपत राहतात. मध्येच एखादी बाकचोच तुतारी आपली लांब चोच मुळापर्यंत चिखलात खुपसते.

विषुववृत्ताकडे जावं तशा सजीवांच्या जाती वाढतात, ध्रुवाकडे घटतात, हे आपण शाळेत शिकलो. टिलवे-तुताऱ्यांच्या कुळाची वीण मात्र नेमकी उलटी. टिलवा, बाकचोच तुतारी आणि त्यांचे बहुतेक भाऊबंद घरटी करतात ती उत्तरेच्या टुंड्रात. तिथे जूनमध्ये सूर्य मावळत नाही, बर्फ वितळून डास-माश्यांचे थवे उठतात आणि अंड्यातून बाहेर पडलेलं पिल्लू काही तासांतच स्वतःचं स्वतः खाऊ लागतं. शिवाय अंडी चोरणारेही कमी. कॅनडात संशोधकांनी दक्षिणेपासून उत्तरेपर्यंत कृत्रिम घरटी मांडून पाहिली. 2010 मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या त्या अभ्यासानुसार उत्तरेकडे प्रत्येक अंशागणिक अंडी लुटली जाण्याचा धोका 3.6 टक्क्यांनी घटत होता. तरी बेभरवसा आहेच. लेमिंग नावाचे उंदरासारखे प्राणी ज्या वर्षी कमी होतात, त्या वर्षी कोल्हे अंड्या-पिल्लांवर तुटून पडतात आणि काही तुताऱ्या उत्तरेचा हिवाळा जिथे काढतात, त्या पार दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर बाकचोच तुतारीची तरुण पाखरं कमी दिसतात.

हिवाळ्यात हिशेब बदलतो. मॉरिटानियाच्या किनाऱ्यावर, सहाराच्या कुशीत, बांक दार्गें नावाचा उथळ भरती-ओहोटीचा पट्टा आहे. तिथे हिवाळ्यात 20 लाखांहून अधिक चिखलपायी पक्षी उतरतात. अक्षांश साधारण 20, म्हणजे जवळपास आपल्या ठाण्याचाच. मागे रखरखीत वाळवंट, पण पुढे किड्या-शिंपल्यांनी भरलेला गाळ. ऊब अक्षांश देतो, गर्दी मात्र चिखलच जमवतो. कोकणातल्या कातळी किनाऱ्यावर ऊब तेवढीच असते, पण असे थवे उतरत नाहीत. म्हणूनच खाडीकाठच्या चिखलाला कुणी ‘पडीक जागा’ म्हटलं, की मला आतून लागतं.

एप्रिलमध्ये याच चिखलावर करड्या तुताऱ्या विटकरी लाल होऊ लागतात. मग एके दिवशी त्या दिसेनाशा होतात. पहिल्याच वर्षाची काही पाखरं मात्र उत्तरेला जात नाहीत. आपल्या पावसातही ती करड्या पिसांतच चिखल चाचपत असतात.