कोलकात्याचा 'शोबुज तोता' नवी मुंबईत!

जोसे रामिरेझ बारेटो, म्हणजेच 'शोबुज तोता' (हिरवा पोपट). ब्राझीलच्या पोर्तो अलेग्रेचा हा स्ट्रायकर 1999 साली मोहन बागान फुटबॉल क्लबमध्ये आला आणि कोलकात्याचाच होऊन गेला. हिरव्या-मरून जर्सीत 200च्या वर गोल! 1999-2000 आणि 2001-02 ची राष्ट्रीय लीग बागानने जिंकली, तेव्हा आघाडीला हाच. मधल्या काळात मुंबईच्या महिंद्रा युनायटेडकडूनही खेळला आणि 2005-06 ची लीग जिंकून दिली. हे आपल्याकडे फारसं कुणाला आठवत नाही, याचं खरंच वाईट वाटतं. मे 2012 मध्ये सॉल्ट लेक स्टेडियमवर त्याने बागानचा निरोप घेतला, समोर पुणे एफसी!

पुढे प्रशिक्षक म्हणून त्याने नवी मुंबईत रिलायन्स फाउंडेशन यंग चॅम्प्स अकादमीच्या पोरांना घडवलं. या अकादमीच्या पोरांची मॅच असेल, तर जरूर बघा.