चौधरींची चकबंदी, माझी रजा

चौधरी चरणसिंग म्हणजे माझ्यासाठी क्विझमधला हमखास प्रश्न. 1979 मध्ये पंतप्रधान झाले आणि लोकसभेला सामोरे न जाताच पायउतार झाले. बस्स, ज्ञान संपलं!

गावच्या सातबाऱ्यासाठी खेपा घालताना मात्र हा माणूस नव्याने कळला. जन्म 1902 चा, मेरठ जिल्ह्यातल्या नूरपूरला, कुळाच्या घरात. पुढे गाझियाबादेत वकिली, 1937 मध्ये आमदारकी. उत्तर प्रदेशात 1952 ला जमीनदारी संपवणारा कायदा लागू झाला, त्यामागे डोकं बरंचसं यांचंच. पण कागद पटवाऱ्याच्या हातात असेल तर कायदा काय कामाचा? 1953 मध्ये हजारो पटवाऱ्यांनी दबावासाठी राजीनामे दिले. महसूलमंत्री चौधरींनी ते चक्क मंजूर केले आणि त्यांच्या जागी लेखपाल नेमले! (आपला बॉस असं करेल, या भीतीनेच आपण राजीनामा ड्राफ्टमध्ये ठेवतो.) त्याच सुमारास चकबंदीचा, म्हणजे विखुरलेले तुकडे एकत्र करण्याचा कायदा आला. 1959 च्या नागपूर अधिवेशनात तर त्यांनी थेट नेहरूंच्या सहकारी शेतीला विरोध केला.

आमचे तीन तुकडे अजून तीन दिशांना आहेत. तलाठ्यांनी सोमवारी बोलावलंय. रजा टाकलीय.