पट्ट्याला न कळणारा दाब

दंडाला पट्टा बांधून मोजतात तो रक्तदाब वेगळा. आतडी आणि पाणथरीकडून यकृतात रक्त आणणाऱ्या पोर्टल शिरेतला दाब त्या पट्ट्याला कळत नाही. सिरोसिसमुळे यकृत निबर झालं की रक्ताची वाट अडते, दाब चढतो आणि रक्त आडवाटा धरतं. अन्ननलिकेच्या खालच्या भागातल्या शिरा फुगतात. फुटल्या तर रक्ताची उलटी होऊन जिवावर बेततं.

दाब मोजायची सगळ्यात भरवशाची पद्धत अशी: मानेतल्या शिरेतून बारीक नळी यकृताच्या शिरेपर्यंत न्यायची, तिथे इवलासा फुगा फुगवून रक्त अडवायचं आणि अडवलेल्या व मोकळ्या दाबांतला फरक पाहायचा. पाऱ्याच्या 5 मिलिमीटरपर्यंत ठीक. 10 पासून दुखणं गंभीर, 12 पासून शिरा फुटण्याची भीती. पण दर रुग्णाच्या मानेत नळी कोण घालणार?

म्हणून फायब्रोस्कॅन. बरगड्यांवर हलका ठोका देऊन यकृताचा ताठरपणा मोजतात. इटलीतल्या बावेनोच्या तज्ज्ञ-परिषदेने 2015 मध्ये सांगितलं, की पोटात पाणी वगैरे झालेलं नसेल, ताठरपणा 20 किलोपास्कलच्या खाली आणि प्लेटलेट दीड लाखावर असतील, तर शिरा पाहण्यासाठीची एंडोस्कोपी टाळता येते. प्लेटलेटचा इथे काय संबंध? दाबामुळे सुजलेली पाणथरी त्यांना अडकवून ठेवते. प्लेटलेट मोजणारी सीबीसी ही स्वस्तातली रक्ततपासणी कधीकधी बरंच बोलून जाते.

स्कॅनआधी निदान तीन तास काही खाऊ नये. जेवणानंतर यकृताकडे रक्त वाढतं आणि आकडा उगाच फुगतो.