व्यायामाची मात्रा : ‘अर्धशक्ती’ या संकल्पनेचा विचार

शरीर कमावण्याच्या अभ्यासाला मराठीत अनेक शब्द आहेत. ‘तालीम’ हा अरबी शब्द मुळात शिक्षणाचा वाचक. ‘कसरत’ हाही अरबीच, त्याचा मूळ अर्थ विपुलता. संस्कृत ‘व्यायाम’ हा ‘वि’ व ‘आ’ हे उपसर्ग लागून ‘यम्’ या धातूपासून सिद्ध होतो. त्यात ताणण्याचा, विस्तारण्याचा भाव आहे. व्यवहारात हे अर्थभेद लोपले आणि थकेपर्यंत श्रम करणे म्हणजेच व्यायाम, अशी समजूत रूढ झाली. प्रौढ वयात ती बाधक ठरते. एवढे श्रम झेपत नाहीत म्हणून कोणी व्यायामच सोडतो, तर कोणी अनेक वर्षांच्या खंडानंतर एकाएकी विशीतला जोर काढू पाहतो.

मात्रेचा हा प्रश्न आयुर्वेदाने पूर्वीच विचारात घेतला होता. व्यायाम अर्ध्या शक्तीने करावा, असे सुश्रुतसंहिता सांगते आणि तिची खूणही देते : श्वास मुखावाटे येऊ लागला की अर्धी शक्ती खर्ची पडली. वाग्भटाने त्याला ऋतूची जोड दिली. अर्धशक्तीचा व्यायाम हिवाळ्यात व वसंतात. एरवी त्याहून सौम्य.

आधुनिक शास्त्राची एक सोपी कसोटीही श्वासावरच आधारलेली आहे. चालताना बोलता येते, परंतु गाता येत नाही, तो श्रम मध्यम होय. असा श्रम प्रौढांनी आठवड्यास १५० ते ३०० मिनिटे करावा आणि किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये सुचविले. चाळिशीच्या सुमारास स्नायू हळूहळू क्षीण होऊ लागतात. बैठ्या व्यवसायात ही झीज प्रथम लक्षात येत नाही. पुढे जिना चढणे वा जमिनीवरून उठणे जड जाऊ लागले की ती उमगते.

म्हणून आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास झपझप चालणे, दोन दिवस थोड्या बैठका आणि भिंतीला हात टेकून काढलेले जोर, एवढा क्रम आरंभास पुरेसा आहे. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांनी ज्या सूर्यनमस्कारांचा प्रसार केला, त्यांनाही साधनसामग्री लागत नाही. संख्या मात्र हळूहळू वाढवावी. नागपुरात वाग्भटाचा ऋतुविचार विशेष लागू पडतो. हिवाळ्यात अंबाझरीच्या काठाने वेगाने चालणाऱ्याने मे महिन्यात वेग कमी करावा व ऊन चढण्यापूर्वी घरी परतावे. छातीत दुखत असल्यास किंवा हृदयविकार असल्यास प्रथम डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. उरलेली अर्धी शक्ती दिवसाच्या कामासाठी आणि दुसऱ्या दिवशीच्या व्यायामासाठी राखावयाची असते, हेच या जुन्या नियमाचे प्रयोजन मानता येईल.