वंध्यत्व : दोघांचा प्रश्न, दोघांची तपासणी

गर्भनिरोधक न वापरता, नियमित शरीरसंबंध ठेवूनही बारा महिन्यांत दिवस गेले नाहीत, तर त्या स्थितीला वैद्यकशास्त्रात वंध्यत्व म्हणतात. मूल कधीच होणार नाही, असा त्याचा अर्थ नव्हे. आता तपासून घ्यावे, एवढाच. बाईचे वय पस्तिशीपुढे असेल, तर वर्षभर न थांबता सहा महिन्यांनीच डॉक्टरांना भेटणे योग्य. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगातील दर सहा प्रौढांपैकी साधारण एकाला आयुष्यात कधी ना कधी या अडचणीतून जावे लागते. पहिले मूल सहज झालेल्या जोडप्यालाही ती दुसऱ्या खेपेस गाठू शकते.

गर्भधारणा ही मुळातच नेमक्या वेळेची गोष्ट आहे. पुढची पाळी येण्याच्या सुमारे १४ दिवस आधी अंडाशयातून एक स्त्रीबीज सुटते आणि ते जेमतेम १२ ते २४ तास टिकते. शुक्राणू स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जगू शकतात. त्यामुळे महिन्याकाठी अनुकूल दिवस सहाच. बीज आणि शुक्राणू यांची गाठ गर्भनलिकेत पडते. फलित बीज पुढे गर्भाशयात उतरून अस्तरात रुजते. सारे ठीक असलेल्या तरुण जोडप्यातही एका महिन्यात दिवस जाण्याची शक्यता चार-पाचात एक एवढीच असते.

यातला कोणताही टप्पा अडू शकतो. पीसीओएस हा अंडाशयांशी संबंधित विकार, थायरॉइडचे विकार किंवा वाढलेले प्रोलॅक्टिन हे संप्रेरक यांमुळे बीज वेळेवर सुटत नाही. पाळी लांबणे ही त्याची नेहमीची खूण. जंतुसंसर्गाने गर्भनलिका बंद होतात. भारतात त्यामागे जननेंद्रियांचा क्षयही असतो. खोकला-तापासारखी ओळखीची लक्षणे नसल्याने तो वर्षानुवर्षे लक्षात येत नाही. एंडोमेट्रिओसिसमध्ये गर्भाशयाच्या अस्तरासारखे पेशीजाल बाहेर वाढते. पाळीतल्या असह्य दुखण्याला ‘असायचेच’ म्हणून सोडून दिले, की निदान लांबते. वयाचा प्रश्न वेगळाच. मुलगी जन्मते तेव्हा तिच्या अंडाशयांत दहा ते वीस लाख बीजे असतात, वयात येईपर्यंत तीन-चार लाख उरतात आणि नवी तयार होत नाहीत. पस्तिशीनंतर संख्या आणि दर्जा दोन्ही वेगाने घटतात.

जवळजवळ निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचे कारण, एकटे किंवा जोडीने, सापडते : शुक्राणू कमी असणे, त्यांची हालचाल मंद असणे, वृषणाच्या शिरा फुगणे, वयात आल्यावर झालेल्या गालगुंडाची वृषणाला बाधा, तंबाखू, दारू, तालमीत घेतलेली स्टिरॉइड्स. तरीही तपासणीची सुरुवात बहुतेक घरांत सुनेपासून होते. वास्तविक वीर्यतपासणी सर्वांत सोपी. दोन ते सात दिवसांच्या संयमानंतर नमुना डबीत घेतात. आधी दाटसर असलेले वीर्य साधारण अर्ध्या तासात पातळ होते. मग त्याचा थेंब बारीक चौकटी आखलेल्या काचेवर ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली शुक्राणू मोजतात. मिलिलिटरमागे १ कोटी ६० लाख ही संदर्भमर्यादेची खालची पायरी. नवा शुक्राणू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात. म्हणून आज तंबाखू सोडल्याचा फरक तीन महिन्यांनंतरच्या अहवालात दिसतो.

सर्वांत जुना गैरसमज भाषेतच मुरला आहे. बाईला ‘वांझ’ म्हटले जाते. पुरुषासाठी आहे तो ‘नामर्द’, आणि तो शब्द वेगळ्याच गोष्टीबद्दल बोलतो. शरीरसंबंध उत्तम असलेल्या पुरुषाच्या वीर्यात एकही शुक्राणू नसू शकतो. पाळी नियमित असली, तरी नलिका बंद असू शकतात. गर्भनिरोधक गोळ्या घेतल्याने कायमचे वंध्यत्व येत नाही. ‘टेन्शन घेऊ नका, आपोआप होईल’ हा सल्लाही बंद नलिका उघडत नाही, उलट वेळ घालवतो. काही जोडप्यांत सर्व तपासण्या ठीक येऊनही कारण सापडत नाही.

उपचार कारणानुसार ठरतात : वजन आटोक्यात आणणे, बीज सुटण्यासाठी गोळ्या, शस्त्रक्रिया, शुद्ध केलेले शुक्राणू गर्भाशयात सोडणे आणि शेवटी आयव्हीएफ, म्हणजे बीज शरीराबाहेर फलित करून गर्भाशयात सोडणे. मुंबईत डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून ६ ऑगस्ट १९८६ रोजी केईएम रुग्णालयात टेस्ट ट्यूब बेबीचा जन्म झाला, तेव्हापासून हे तंत्र खूप पुढे गेले. पण घटलेल्या बीजांची भरपाई तेही करू शकत नाही, म्हणून यशाची हमी नसते. २०२१ च्या कायद्याने असे उपचार करणाऱ्या केंद्रांना नोंदणी सक्तीची आहे आणि उपचारांसाठी स्त्रीला ५०, पुरुषाला ५५ वर्षांची कमाल मर्यादा आहे.