शिंपल्याच्या हृदयातली वीज

वाशीम जिल्ह्यातून पैनगंगा वाहते, अडाण वाहते, अरुणावती वाहते. अशा नद्यांच्या गाळात काळपट कवचाचा एक प्राणी अर्धा रुतून बसलेला असतो. शिंपला! त्याला डोकं नाही, डोळे नाहीत. पण हृदय आहे, तेही तीन कप्प्यांचं. आणि त्याचं आतडं चक्क त्या हृदयाच्या मधल्या कप्प्यातून आरपार जातं. हो, खरंच!

त्याची नातेवाईक गोगलगाय. तिच्या हृदयाला दोन कप्पे, आपल्या हृदयाला चार.

आता खरं नवल ऐका. या मऊ अंगाच्या प्राण्यांचं हृदय शरीराबाहेर काढलं आणि त्यात योग्य क्षारांचं पाणी खेळतं ठेवलं, तरी ते बराच वेळ धडधडत राहतं. तिथे हुकूम द्यायला ना मेंदू, ना नसा. मग ठोका देतं कोण? हृदयाच्या पेशीच! नसा फक्त वेग कमी-जास्त करतात.

पेशींना हे जमतं ते विजेमुळे. क्षार पाण्यात विरघळले की त्यांचे विद्युतभार असलेले कण होतात, ते आयन. पेशीच्या आत पोटॅशियमचे आयन जास्त, बाहेर सोडियम आणि कॅल्शियमचे जास्त. पेशीच्या आवरणात प्रथिनांची अतिसूक्ष्म दारं असतात. त्यांना आयनमार्गिका म्हणतात. पेशी निवांत असताना आतली बाजू किंचित ऋण असते. आतबाहेरचा फरक साधारण व्होल्टच्या विसाव्या हिश्शाएवढा. टॉर्चच्या सेलचा असतो दीड व्होल्ट, म्हणजे बघा किती इवलासा!

हा फरक जरा कमी झाला, की कॅल्शियमची काही दारं उघडतात. कॅल्शियम आत शिरतं, फरक आणखी घटतो, म्हणून आणखी दारं उघडतात. आत आलेल्या कॅल्शियममुळे स्नायू आवळतो. झाला ठोका! मग पोटॅशियमची दारं उघडतात, पोटॅशियम बाहेर पडतं आणि पेशी पुन्हा निवांत होते. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये लिम्निया या तळ्यातल्या गोगलगायीच्या हृदयपेशी तपासल्या, तेव्हा कॅल्शियमची दारं दोन जातींची निघाली. एक जात जराशा बदलानंही उघडणारी, दुसरी मोठा बदल झाल्याशिवाय न हलणारी. लिम्नियाचे भाऊबंद आपल्याकडच्या डबक्यांतही राहतात बरं का.

मला यात सगळ्यात जास्त आवडतं ते कॅल्शियम. वाशीमच्या काळ्या बसाल्ट खडकात ते असतं. पावसाचं पाणी खडकाला हळूहळू झिजवतं, कॅल्शियम त्यात विरघळून नदीत येतं आणि शिंपल्याला मिळतं. त्यातल्या बऱ्याचशा कॅल्शियमचे थरावर थर बसून कवच होतं. आणि त्यातलंच थोडं हृदयाच्या पेशीत शिरून ठोका देतं!

पेशीच्या आवरणात आयनांची ही दारं आहेत, हे कळलं तेही शिंपल्याच्या एका नातेवाइकामुळे. समुद्रातल्या स्क्विडची एक नस इतकी जाड असते, की तिच्यात तार घालता येते. हॉजकिन आणि हक्सले या शास्त्रज्ञांनी तिच्यातली वीज मोजून १९५२ मध्ये आयनांच्या ये-जा करण्याचं गणित मांडलं. दारं तेव्हा कुणी पाहिलेलीसुद्धा नव्हती! पोटॅशियमच्या दाराची रचना शास्त्रज्ञ रॉडरिक मॅकिनन यांनी दाखवली ती १९९८ मध्ये. 

तुम्हाला एखादं हृदय धडधडताना बघायचंय? मोठ्या माणसाला सोबत घेऊन डबक्यातली एक पिटुकली गोगलगाय काचेच्या ग्लासात, त्याच डबक्याच्या पाण्यात ठेवा. मागून टॉर्च धरा आणि भिंगातून बघा. तिचं कवच पातळ असेल तर आत काहीतरी लुकलुकताना दिसेल. मिनिटाला किती ठोके पडतात ते मोजा. सकाळच्या गार पाण्यात एकदा आणि दुपारी पाणी आपोआप कोमट झाल्यावर पुन्हा एकदा. आकडे सारखे येणार नाहीत. का, ते आयनमार्गिकांची आठवण ठेवून शोधा. मोजून झालं की तिला तिच्याच डबक्यात सोडा आणि हात साबणानं स्वच्छ धुवा, कारण गोगलगायींच्या अंगावर रोगाचे जंतू असू शकतात.