साठवण वलयाचा शिल्पकार : ब्रूनो टूशेक

पदार्थाच्या मूलकणांचा अभ्यास करण्यासाठी विद्युतभारित कणांना प्रचंड वेग देणारी जी यंत्रे बांधली जातात त्यांना कणत्वरक म्हणतात, आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या यंत्रांची रीत एकच होती : वेगवान कणांचा झोत एखाद्या स्थिर लक्ष्यावर आदळवायचा व त्यातून काय निघते ते पाहायचे. या रीतीत आदळणाऱ्या कणाची बहुतेक ऊर्जा टकरीनंतरच्या कणसमूहाला पुढे ढकलण्यातच खर्ची पडते आणि नवे कण निर्माण होण्यासाठी तिचा अल्पसा भागच हाती लागतो. समान ऊर्जेचे दोन झोत समोरासमोर आदळवले तर ही नासाडी टळते, हे तत्त्व नॉर्वेजियन अभियंते रॉल्फ विडरो यांनी १९४३ मध्येच पेटंटासाठी नोंदवले होते. मात्र इलेक्ट्रॉन आणि त्याचा प्रतिकण पॉझिट्रॉन यांना एकाच वलयात विरुद्ध दिशांनी फिरवून ही टक्कर घडवणारे पहिले यंत्र उभे राहिले ते ब्रूनो टूशेक या ऑस्ट्रियन सैद्धान्तिक भौतिकशास्त्रज्ञाच्या आग्रहामुळे.

टूशेक यांचा जन्म ३ फेब्रुवारी १९२१ रोजी व्हिएन्नात झाला. त्यांची आई ज्यू घराण्यातील असल्याने, १९३८ मध्ये जर्मनीने ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यावर त्यांच्या शिक्षणात अडथळे सुरू झाले आणि पुढे विद्यापीठाचे दरवाजेही बंद झाले. आर्नोल्ड सोमरफेल्ड यांच्यासारख्या वडीलधाऱ्या शास्त्रज्ञांच्या मदतीने ते जर्मनीत, जिथे त्यांना फारसे कोणी ओळखत नव्हते तिथे, हॅम्बुर्ग व बर्लिन येथे अभ्यास करत राहिले. याच काळात त्यांचा विडरो यांच्याशी संबंध आला. बदलत्या चुंबकीय क्षेत्रातून उपजणाऱ्या विद्युतक्षेत्राने इलेक्ट्रॉनांना वर्तुळात वेग देणाऱ्या यंत्राला बीटाट्रॉन म्हणतात. विडरो हॅम्बुर्गमध्ये असे एक यंत्र बांधत होते आणि त्याचे सैद्धान्तिक गणित टूशेक करू लागले. मार्च १९४५ मध्ये गेस्टापोने त्यांना अटक केली. तुरुंगात विडरो त्यांना भेटत व पुस्तके पोहोचवत, आणि तिथेही त्यांचे किरणोत्सर्जनावरील गणित चालूच राहिले. कैद्यांना कीलकडे पायी नेत असताना ते कोसळले, तेव्हा एका पहारेकऱ्याने झाडलेली गोळी कानाजवळून चाटून गेली आणि त्यांना मेलेले समजून तिथेच टाकून देण्यात आले. ज्या राजवटीच्या पैशावर त्यांचे संशोधन चालले होते तीच त्यांच्या जिवावर उठलेली होती, ही विसंगती त्यांच्या चरित्रात ठळकपणे दिसते.

युद्धानंतर गोटिंगेन येथे पदविका आणि ग्लासगो येथे डॉक्टरेट मिळवून ते १९५२ च्या अखेरीस रोमला आले. एन्रिको फर्मी यांचे सहकारी आणि सर्न या युरोपीय प्रयोगशाळेच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या एदोआर्दो अमाल्दी यांच्या भोवती तेथे तरुण शास्त्रज्ञांचा जो वर्ग जमला होता त्यात टूशेक रुळले, आणि रोम हेच त्यांचे कायमचे कार्यक्षेत्र झाले. शुद्ध सिद्धान्तात रमणाऱ्या या माणसाला यंत्राच्या नळ्या, चुंबक व निर्वात यांची भाषाही अवगत होती. असे जोडज्ञान दुर्मीळ असते, आणि पुढचे सारे त्यावरच उभे राहिले.

१९५९ मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ वोल्फगांग पानोफ्स्की यांनी रोममध्ये, दोन स्वतंत्र वलयांतील इलेक्ट्रॉनांचे झोत परस्परांवर आदळवण्याच्या स्टॅनफर्ड येथील योजनेवर व्याख्यान दिले. टूशेक यांच्या मते इलेक्ट्रॉनांवर इलेक्ट्रॉन आदळवण्यात भौतिकीच्या दृष्टीने फारसे हशील नव्हते. इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन भेटले तर ते नष्ट होतात, त्यांचे विद्युतभार एकमेकांना रद्द करतात आणि उरलेल्या शुद्ध ऊर्जेतून ती पुरेल त्या कोणत्याही कण-प्रतिकणांच्या जोडीचा जन्म होऊ शकतो. शिवाय या दोन कणांचे वस्तुमान तंतोतंत सारखे आणि भार विरुद्ध असल्यामुळे, ज्या चुंबकीय क्षेत्रात इलेक्ट्रॉन एका दिशेने फिरतील त्याच क्षेत्रात पॉझिट्रॉन उलट दिशेने त्याच मार्गावर फिरतील, म्हणजे दुसऱ्या वलयाची गरजच नाही. ७ मार्च १९६० रोजी फ्रास्काती येथील राष्ट्रीय प्रयोगशाळेत त्यांनी हा विचार मांडला आणि वर्ष पुरे होण्याच्या आत, कार्लो बेर्नार्दिनी, जानफ्रांको कोरात्सा व जॉर्जो गिगो यांच्यासारख्या सहकाऱ्यांच्या मेहनतीने, ‘अडा’ हे छोटेसे साठवण वलय तयार झाले. साठवण वलय म्हणजे वेग दिलेले कण लगेच खर्ची न टाकता निर्वात नळीत तासन्‌तास फिरते ठेवणारे यंत्र. अडामधील प्रत्येक झोताची ऊर्जा २५ कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणजे दोहोंची मिळून ५० कोटी, इतकी योजलेली होती. स्थिर इलेक्ट्रॉनांवर पॉझिट्रॉनांचा झोत आदळवून तेवढीच उपयुक्त ऊर्जा मिळवायची तर त्या झोताला सुमारे २४,५०० कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट इतकी ऊर्जा द्यावी लागली असती. या एका हिशेबातच टूशेक यांच्या आग्रहाचे सारे समर्थन आहे.

फेब्रुवारी १९६१ मध्ये अडात पहिले कण साठवले गेले, परंतु त्यांची संख्या फारच तुटपुंजी होती, कारण फ्रास्कातीच्या त्वरकाकडून वलयात कण भरण्याची सोय अपुरी होती. एका प्रकारचे कण भरून झाले की दुसऱ्या प्रकारचे भरण्यासाठी तव्यावरची भाकरी उलटावी तसे संपूर्ण यंत्र उलटवावे लागे, आणि त्या उलटापालटीत नळीत राहून गेलेले सूक्ष्म धूलिकण झोताच्या वाटेत येऊन साठवलेले कण नाहीसे होत. फ्रान्समध्ये पॅरिसजवळच्या ओर्से येथे मात्र एक जोमदार रेषीय त्वरक, म्हणजे कणांना सरळ रेषेत वेग देणारे यंत्र, सज्ज होते. इटलीकडे कल्पना व वलय होते, फ्रान्सकडे झोत होता. तेव्हा जुलै १९६२ मध्ये अडा ट्रकवर चढवून, नळीतील निर्वात टिकवणारे पंप बॅटरीवर चालवत, आल्प्सपलीकडे नेण्यात आले. सर्न त्या वेळी प्रोटॉनांच्या मोठ्या यंत्रात गुंतलेली असताना दोन राष्ट्रीय प्रयोगशाळांनी एकमेकींच्या उणिवा अशा भरून काढल्या. पिएर मारँ, फ्रांस्वा लाकोस्त आणि जाक एसिन्स्की हे फ्रेंच संशोधक या गटात सामील झाले.

ओर्से येथे १९६३ च्या आरंभी एक अनपेक्षित अडचण दिसली : झोतातील कणांची संख्या वाढवावी तसतसे त्याचे आयुष्य घटत होते. टूशेक यांनी तिचे कारण लगोलग शोधले. वलयात कण घोळक्यांनी फिरतात आणि घोळक्यातले कण बाजूबाजूला हिंदकळत असताना एकमेकांवर आपटतात. अशा टकरीत बाजूचा संवेग पुढच्या दिशेत वळतो, सापेक्षतेच्या नियमांमुळे तो बदल कित्येक पटींनी वाढतो, आणि ऊर्जेची मर्यादा ओलांडलेले दोन्ही कण झोताबाहेर फेकले जातात. घोळका दाट तितकी ही गळती अधिक. यालाच आता टूशेक परिणाम म्हणतात. जास्त ऊर्जेला हा परिणाम झपाट्याने घटत असल्याने पुढील मोठ्या यंत्राला त्याचा धोका नाही, हेही त्याच गणितातून कळले. अखेर १९६३-६४ च्या प्रयोगांतून, टकरीच्या वेळी उत्सर्जित होणाऱ्या प्रकाशकणांच्या मोजणीवरून, दोन्ही झोत खरोखर परस्परांवर आदळत असल्याचे सिद्ध झाले. अडाने एकही नवा कण शोधला नाही. मार्ग चालण्याजोगा आहे एवढेच त्याने दाखवले, आणि तेवढे पुरेसे होते.

पुढचे ‘अडोने’ हे यंत्र १९६९ मध्ये फ्रास्काती येथे सुरू झाले. त्याची एकूण ऊर्जा ३०० कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट ठरवली होती, आणि नोव्हेंबर १९७४ मध्ये अमेरिकेतील दोन गटांनी जाहीर केलेला जे-साय हा कण सुमारे ३१० कोटींवर सापडला. बातमी येताच इटालियन शास्त्रज्ञांनी यंत्र मर्यादेपलीकडे ताणून काही दिवसांतच त्याला दुजोरा दिला. पण पहिलेपणाचा मान हुकला तो हुकलाच.

टूशेक यांचे अखेरचे वर्ष जिनिव्हाच्या सर्नमध्ये गेले, जिथे प्रोटॉन व प्रतिप्रोटॉन आदळवण्याची योजना आकार घेत होती. २५ मे १९७८ रोजी इन्सब्रुक येथे, वयाच्या ५७ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले; त्या योजनेतून लागलेल्या शोधांना १९८४ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. १९८९ ते २००० या काळात सर्नमध्ये २७ किलोमीटर परिघाच्या वलयात इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन टकरींचे जे महायंत्र चालले, त्यावरील एल-३ या प्रयोगात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञ सहभागी होते. इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रातील इंडस-१ व इंडस-२ ही भारताची साठवण वलयेही, टकरींसाठी नव्हे तर इलेक्ट्रॉनांपासून मिळणाऱ्या तीव्र प्रकाशासाठी बांधलेली असली, तरी त्यांच्यातील झोताच्या आयुष्याचा हिशेब मांडताना टूशेक परिणाम धरावाच लागतो.